कला शाखेच्या गच्चीवर एक एरियल हवे

(तृतीय वर्ष, कला)

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्या लोकांनी विद्यार्थ्यांची दोन गटांत वाटणी करून टाकली आहे. एक हाताने शिकणारे आणि दुसरे पुस्तकाने शिकणारे. पहिले आय.टी.आय.ला किंवा तंत्रनिकेतनात जातात. त्यांच्या आईवडिलांना शेजारी विचारतात, "कोणत्या कंपनीत लागला?" दुसरे म्हणजे आपण, कला शाखेचे. आपल्या आईवडिलांना शेजारी विचारतात, "मग पुढे काय?" या वाटणीचा आपल्याला राग येतो खरा, पण आपणही ती मनोमन मान्य केलेली आहे, हे त्याहून वाईट. घरचा फ्यूज उडाला की आपण वायरमनची वाट पाहत बसतो. उलट जगाच्या राजकारणाचा विषय निघाला की कारखान्यात जाणारा आपलाच मित्र म्हणतो, "ते तुमच्या शाखेचं, बाबा." नुकसान दोघांचेही होते.

या वाटणीला छेद देणारी एक साधी सूचना मला येथे मांडायची आहे. आपल्या महाविद्यालयाच्या गच्चीवर शॉर्टवेव्ह, म्हणजे लघुलहरी, ऐकण्यासाठी एक उभे एरियल असावे. ते विकत आणू नये, विद्यार्थ्यांनी तयार करावे. त्याची कॉइल आपल्या हातांनी गुंडाळावी. आणि हे काम विज्ञानवाल्यांचे आहे असे म्हणून टाळू नये, कला शाखेने ते आपले म्हणून करावे. ही सूचना मी मित्रांपुढे मांडली तेव्हा काही जण हसले. "मोबाईलच्या जमान्यात रेडिओ? आणि तोही खरखरणारा?" असा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर देणे माझे काम आहे. पण अगोदर ही वस्तू काय आहे ते पाहू.

रेडिओच्या लहरीची लांबी काढण्याचे गणित सातवीतल्या मुलालाही येईल. तीनशेला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागावे, उत्तर मीटरमध्ये येते. ७.१ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४२ मीटर भरते. उभे एरियल या लांबीच्या पाव हिश्शाएवढे, म्हणजे साधारण साडेदहा मीटर उंच असले की ते त्या लहरीशी आपोआप सूर जुळवते. साडेदहा मीटर म्हणजे तीन मजली घराची उंची. बजाजनगरच्या घराघरांना चिकटलेल्या वस्तीत एवढा खांब कोण उभा करू देईल? आणि वारा सुटल्यावर तो कोणाच्या पत्र्यावर पडेल?

कॉइलचा जन्म या अडचणीतून झाला. एरियल लहरीच्या मानाने आखूड झाले की ते कंडेन्सरसारखे वागू लागते आणि येणाऱ्या विजेला एका बाजूने अडवते. तारेचे वेटोळे नेमके उलट वागते. दोघांचा अडथळा सारखा झाला की एकमेकांना खाऊन टाकतो आणि तीन मीटरची तारही ४२ मीटरच्या लहरीशी सूर जुळवते. मात्र एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. कॉइल लावल्याने आखूड एरियल लांब एरियलच्या तोडीचे होत नाही. कॉइलच्या तारेत थोडी शक्ती वाया जाते आणि सूर फार अरुंद पट्ट्यात जुळतो. थोडे बाजूला सरकले की पुन्हा वेढे बदलावे लागतात. ही तडजोड आहे, पण ऐकणाऱ्याला परवडणारी तडजोड आहे. लघुलहरींवर अडचण बहुधा आवाज क्षीण असण्याची नसते. तो आवाज भोवतीच्या खरखरीत बुडतो, ही खरी अडचण असते.

आता प्रत्यक्ष मापे देतो. तीन मीटर लांबीची, सुमारे दोन मिलिमीटर जाडीची तांब्याची तार बांबूला बांधून सरळ उभी करावी. तिच्या बुडाशी पाच सेंटीमीटर व्यासाच्या पी.व्ही.सी. पाइपवर २२ गेजच्या इनॅमल तारेचे तीस वेढे एकमेकांना चिकटून घ्यावेत. ही तार मोटार रिवाइंडिंगच्या कोणत्याही दुकानात मिळते. उरलेला तुकडा मागितला तर दुकानदार काका बहुधा पैसेही घेत नाहीत, फक्त "कशाला पाहिजे रे?" एवढे विचारतात. गणिताप्रमाणे ९.७ मेगाहर्ट्झसाठी, म्हणजे ३१ मीटर बँडसाठी, सुमारे अकरा वेढे पुरतात. ७.१ साठी सतरा लागतात आणि पाच मेगाहर्ट्झसाठी सत्तावीस. त्या त्या वेढ्यावर इनॅमल खरवडून डाख देऊन छोटी तार बाहेर काढावी आणि क्लिप एकीवरून दुसरीवर हलवता येईल अशी सोय ठेवावी. सूर जुळला हे ओळखायला यंत्र नको, कान पुरेत. क्लिप एकेक वेढा इकडेतिकडे केली की एका जागी रेडिओची सारी खरखर एकदम भरून येते. तीच आपली जागा. गणित आणि प्रत्यक्ष यांत एखाद्या दुसऱ्या वेढ्याचा फरक पडतो, कारण शेजारची लोखंडी टाकी आणि गच्चीतल्या सळया यांचाही परिणाम होतो.

उभ्या एरियलला एक जोडीदार लागतो, तो म्हणजे जमीन. गच्चीवर जमीन नसते, म्हणून बुडापाशी तीन-चार मीटरच्या चार तारा चारी दिशांना पसरून त्या एकत्र बांधाव्यात. खाली रेडिओपर्यंत केबल टीव्हीची वायर चालते. तिची मधली तार कॉइलला आणि बाहेरची जाळी या चार तारांना जोडावी. अधिक वेढे घेऊन कॉइल तारेच्या मध्यावर बसवली तर एरियल जास्त पकडते, पण मग बांबू वरून जड होतो आणि वाऱ्यात डोलतो. पहिल्या प्रयत्नासाठी बुडाची कॉइलच बरी.

दोन गोष्टी मात्र कोणीही विसरू नयेत. विजेच्या तारा जवळून जात असतील तर तेथे बांबू उभाच करू नये. तो पडला तरी तारेला लागणार नाही एवढे अंतर हवे. आणि आभाळात गडगडाट सुरू होण्यापूर्वीच वायर रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवावी. ज्येष्ठ-आषाढात आपल्याकडे वळवाचे आणि पावसाळी ढग कसे कोसळतात हे वाळूजच्या छोट्या पंढरपुरात यात्रेला जाणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आता बजाजनगरची अडचण. येथे वसाहत कारखान्यांच्या कुशीत वाढली. १९८५ साली बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि वडगाव कोल्हाटीच्या शिवारात कामगारांची घरे उभी राहत गेली. बीड, जालना, परभणी, बुलढाणा अशा चहूकडून माणसे आली. वेल्डिंगचे ठिणगीयंत्र, मोठ्या मोटारी, विजेच्या खांबावरचे तडकलेले चिनीमातीचे इन्सुलेटर, घराघरांतले एल.ई.डी. दिवे आणि मोबाईलचे चार्जर या साऱ्यांतून रेडिओच्या खरखरीची निर्मिती होते. उभे एरियल ही जवळची खरखर आडव्या तारेपेक्षा अधिक पकडते, हा त्याचा दोष मी लपवत नाही. दूरदेशीच्या लहरी क्षितिजालगतच्या कोनातून येतात, त्या ते चांगल्या पकडते आणि जागा कमी खाते, हा त्याचा गुण. म्हणून ते घराच्या भिंतीपासून जितके दूर तितके उत्तम. महाविद्यालयाची गच्ची वस्तीतल्या कोणत्याही गच्चीपेक्षा मोठी आणि संध्याकाळी रिकामी असते, हे माझ्या सूचनेमागचे एक कारण आहे.

या खरखरीत एक मौज आहे. आपल्या भागात वीज गेली की लोक हातपंखे शोधतात. त्याच क्षणी बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओतली खरखर पडदा सरकावा तशी बाजूला होते आणि मागे लपलेली केंद्रे पुढे येतात. ती तेथे सतत असतातच, आपणच आपल्या गोंगाटाने त्यांना झाकलेले असते. आमच्या घरी अशा वेळी आई दिवा शोधत असते आणि मी गच्चीकडे धावतो. "सगळ्या गल्लीत अंधार झाल्याचा आनंद होणारा तू एकटाच," असे ती म्हणते.

हे सारे ठीक, पण कला शाखेचा याच्याशी संबंध काय? माझ्या मते संबंध फार जवळचा आहे. इतिहासाचे सर आम्हांला सांगतात की एकाच घटनेची साधने अनेक असावीत आणि ती एकमेकांवर घासून पाहावीत. राज्यशास्त्रात आपण प्रचार आणि माहिती यांतला फरक शिकतो, पण शिकतो तो व्याख्या पाठ करून. लघुलहरींवर हा फरक कानांनी ऐकता येतो. एकाच संध्याकाळी चीनच्या केंद्राचे इंग्रजी वार्तापत्र आणि बीबीसीचे इंग्रजी वार्तापत्र लागोपाठ ऐकावे. कोणती बातमी पहिली घेतली, कोणती गाळली, कोणाला 'सैनिक' म्हटले आणि कोणाला 'अतिरेकी', एवढेच वहीत टिपावे. महिनाभराची अशी वही म्हणजे पदवीच्या प्रकल्पाला पुरेल इतके साहित्य होईल. भूगोलाच्या विद्यार्थ्याला तर हा आकाशाचा नकाशाच आहे. दिवसा वातावरणाचा खालचा विद्युतभारित थर लांब लहरी शोषून घेतो, म्हणून दुपारी १९ आणि १६ मीटरवर ऐकावे लागते. सूर्य मावळल्यावर तो थर विरतो आणि ४१, ४९, ६० मीटरचे पट्टे जिवंत होतात, कारण सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवरचा थर त्या लहरी परत जमिनीकडे वळवतो. या थरांचा अभ्यास आपल्या देशात कलकत्त्याला शिशिरकुमार मित्र यांनी केला आणि त्यांचा वरच्या वातावरणावरचा ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला. १० मेगाहर्ट्झवर सेकंदासेकंदाला ठोका देणारी प्रमाणवेळेची केंद्रे असतात. त्यांचा ठोका केव्हा ऐकू येतो आणि केव्हा विरतो एवढे टिपले तरी आकाशातल्या या उलाढालीचा अंदाज येतो.

आता मित्रांच्या आक्षेपाकडे वळतो. लघुलहरींचा काळ सरला, असे ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. १९५२ पासून बिनाका गीतमालेसाठी घराघरांत रेडिओ सिलोन लावणारी पिढी आता आजी-आजोबांची झाली. बीबीसीचे मराठी प्रक्षेपण १९५८ सालीच थांबले. ते नाव २०१७ मध्ये परत आले, पण इंटरनेटवर. १९४० साली सुरू झालेली बीबीसीची हिंदी सेवा लघुलहरींवरून ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली. रेडिओ ऑस्ट्रेलियाने २०१७ साली लघुलहरी सोडल्या. डायल फिरवला तर पूर्वी जेथे केंद्रांची दाटी होती तेथे आज मोकळी मैदाने लागतात. हे नाकारून मला कोणाची फसवणूक करायची नाही.

पण याच काळातली दुसरी गोष्टही पाहावी. मार्च २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर ज्या बीबीसीने हिंदीच्या लहरी बंद केल्या होत्या, त्याच बीबीसीने युक्रेन आणि रशियाच्या काही भागांसाठी दिवसाला चार तासांचे इंग्रजी प्रक्षेपण लघुलहरींवर नव्याने सुरू केले. सुदानात यादवी पेटल्यावर मे २०२३ मध्ये तेथील लोकांसाठीही अरबी भाषेतून असेच केले. शहाण्या संस्थेला ही जुनी वाट का आठवली? कारण इंटरनेटची वाट मध्ये कुठेतरी कोणाच्या तरी दारातून जाते आणि ते दार बंद करता येते. लघुलहर आकाशातून येते. तिच्यात गोंगाट मिसळून अडथळा आणता येतो, पण तिला एका कळीने बंद करता येत नाही. आपल्या देशातही तणावाच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत इंटरनेट बंद ठेवले जाते, हे सर्वांना ठाऊक आहे.

आणखी एक मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. मोबाईलवर आपण जे ऐकतो ते कोणीतरी मोजत असते. काय ऐकले, किती वेळ ऐकले, मध्येच कुठे सोडले, याचा हिशेब ठेवून उद्या काय ऐकवायचे ते ठरते. म्हणजे ऐकणारे आपण आणि निवडणारे दुसरे. रेडिओच्या केंद्राला मात्र आपण ऐकतो आहोत हे कळतच नाही. बजाजनगरच्या गच्चीवर एक मुलगी ४१ मीटरवर कान लावून बसली आहे, याची नोंद जगात कोठेही होत नाही. निवड तिची आणि कष्टही तिचे. न मागता पुढ्यात येणाऱ्या ताटापेक्षा स्वतः थापलेल्या भाकरीची चव वेगळी लागते ती यामुळे. ऐकणे ही आपली कृती असते, याची सवय आपल्या पिढीला राहिलेली नाही. ती सवय कॉइलच्या वेढ्यांनी परत लागेल असे मला वाटते.

एरियल हे कला शाखेचे काम नव्हे, असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण राखून ठेवले होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाला, पुढारी तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर बंधने आली. अशा वेळी २७ ऑगस्टला मुंबईतून एक गुप्त रेडिओ बोलू लागला. भारतात कोठूनतरी, ४२.३४ मीटरवरून काँग्रेस रेडिओ बोलत आहे, अशी त्याची ओळख होती. तो आवाज उषा मेहतांचा. वय बावीस. विल्सन महाविद्यालयातून १९३९ साली तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालेल्या, म्हणजे आपल्याच शाखेच्या. पोलीस माग काढू नयेत म्हणून जागा बदलत बदलत हे केंद्र १२ नोव्हेंबरपर्यंत चालले. त्या दिवशी धाड पडली, पुढे उषाबेनना कारावास झाला आणि १९४६ मध्ये त्या सुटल्या. नंतर त्यांनी राज्यशास्त्राचे अध्यापन केले आणि १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. यंत्र बांधणारे हात वेगळे होते आणि बोलणारा आवाज वेगळा होता. पण यंत्रावाचून आवाज पोचला नसता आणि आवाजावाचून यंत्र मुकेच राहिले असते. आता तीनशेला ४२.३४ ने भागून पाहा. उत्तर ७.१ च्या अगदी जवळ येते. आपल्या कॉइलचा तो सतरावा वेढा!

आपल्या शहरालाही रेडिओची परंपरा नाही असे नाही. देश स्वतंत्र झाला तेव्हा आकाशवाणीची सहाच केंद्रे होती. संस्थानांच्या हद्दीत आणखी पाच होती, त्यांत म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, बडोदा यांच्याबरोबर औरंगाबादचे नाव आहे. निजामाच्या संस्थानातले ते केंद्र पुढे आकाशवाणीत सामील झाले. ज्या गावाने इतक्या लवकर रेडिओचे केंद्र पाहिले, तेथल्या महाविद्यालयात रेडिओ ऐकणारी चार मुले निघू नयेत काय?

शेवटी प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. प्राचार्यांनी गच्चीचा एक कोपरा आणि संध्याकाळचे दोन तास द्यावेत. शेजारच्या आय.टी.आय.मधल्या चार मुलांना पाहुणे म्हणून बोलवावे. डाख कसा द्यायचा ते त्यांनी आपल्याला शिकवावे आणि ऐकलेल्या बातमीचा अर्थ कसा लावायचा यावर आपण त्यांच्याशी बोलावे. जुना शॉर्टवेव्हचा सेट कोणाच्या तरी घरी माळ्यावर पडलेला असतोच. एकेकाळी तो बाळगायला परवाना काढावा लागे, ती अट १९८० च्या दशकात गेली. प्रक्षेपणाला मात्र आजही परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि ज्यांना या ऐकण्याची गोडी लागेल त्यांनी हौशी रेडिओची ती परीक्षा अवश्य द्यावी. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीने अंदमानचे दूरध्वनी तोडले तेव्हा हौशी रेडिओच्या निमित्ताने पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद यांनी तेथून निरोप पोचवले होते, हे लक्षात असावे. खर्च म्हणाल तर एक बांबू, एक पाइपचा तुकडा, थोडी तार आणि बॅटऱ्या.

आणि एक नोंदवही. तिच्यात तारीख, वेळ, मेगाहर्ट्झ, कितवा वेढा, कोणते केंद्र आणि काय ऐकले, एवढे सहा रकाने असावेत. वर्षअखेरीस तिच्यातली निवडक पाने याच अंकात छापावीत. मग पुढच्या वर्षी कोणी "पुढे काय?" असे विचारले, तर त्याच्या हाती ती वही द्यावी आणि वेळ असेल तर संध्याकाळी गच्चीवर ये म्हणावे.